यंदा आखाजीला पाठवू नकोस

जळगाव,
१९ जानेवारी २०२५

प्रिय वहिनी,

पाकीट बघून हसशील. घरात फोन असताना ही पोर पोस्टाला पैसे का घालते, असं अक्का म्हणेलच, आई आहे ना माझी. पण संक्रांतीला आले तेव्हा पाहिलं ना मी, फोनचा उजेड पडला की तू डोळे मिटून घेतेस. आणि बोलायचं म्हटलं तर दादा फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर मधोमध ठेवतो. आबा कापसाचा भाव विचारतात, अक्का विचारते जेवलीस का, आणि तुझ्या वाट्याला "बरंय ना?" "बरंय" एवढंच उरतं. म्हणून कागद.

त्या दिवशी सगळे अंगणात तीळगूळ वाटत होते आणि तू मागच्या खोलीत डोक्याला फडकं आवळून पडली होतीस. मी पाणी घेऊन आले तर म्हणालीस, "ताई, दार लोटून घ्या, बांगड्यांचा आवाज सहन होत नाही." मी बाहेर येऊन अक्काला विचारलं. ती म्हणाली, "तिन्हं नेहमीचंच शे."

ते वाक्य माझ्यासोबत इथपर्यंत आलं. मी एका मेंदूविकाराच्या डॉक्टर मॅडमकडे काम करते हे तुला माहीत आहे, पण नक्की काय करते ते सांगायचं राहिलं. पेशंट आत जाण्याआधी मी त्याला प्रश्न विचारून कागद भरते. कुठे दुखतं, कधी दुखतं, आधी काय खाल्लं होतं, झोप झाली होती का. परवा एक बाई आल्या, त्यांना अगरबत्तीच्या वासानं दुखतं. एक सोन्याचे कारागीर, दिवसभर मान वाकवून दागिन्यांचे सांधे जोडतात, त्यांच्या कपाळाला संध्याकाळी पट्टा आवळल्यासारखं होतं. एका कॉलेजच्या मुलीचं परीक्षेत नाही, परीक्षा संपल्यावर दुखतं. म्हणजे डोकं उगाच दुखत नाही वहिनी. कारण असतं आणि ते सापडतं. "नेहमीचंच" असं काही नसतं.

घरातली पहिली पदवी मी घेतली ती कशासाठी? भिंतीवर टांगायला नाही. मला सगळं लिही. काही लपवू नकोस.

तुझी,
ज्योत्स्ना


सोनबर्डी, ता. धुळे
२ फेब्रुवारी

ज्योत्स्नाताईंना,

तुमचं पाकीट अमृतभाऊ पोस्टमननं आणलं तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं सरकारी काहीतरी आहे. तुमच्या दादांनी फोडून सगळ्यांना वाचून दाखवलं. अक्का "नेहमीचंच" ऐकताच म्हणाल्या, "आमनं डोकं नही दुखे का? सांगाले येळच नव्हता." हसून म्हणाल्या हो, रागावून नाही.

तुम्ही विचारलं म्हणून लिहिते, दहावीनंतर एवढं लिहायची सवय राहिली नाही.

माझं दोन प्रकारे दुखतं. एक दुखणं रोजचं. दुपारनंतर डोक्याभोवती दोरी बांधून कोणी हळूहळू पीळ देतंय असं. मान ताठते. पण कामं होतात, भाकरी होतात, कुणाला कळतही नाही. दुसरं येतं तेव्हा मात्र उजवी बाजू ठोकते, डोळ्यासमोर काचेसारखं चमकतं, उलटी होते, आणि मग मी कुणाच्याच कामाची राहत नाही. ते महिन्यातून कधी एकदा, कधी जास्त. संक्रांतीचं ते दुसरं होतं. आदल्या दिवशी उपवास होता आणि तीळ भाजताना धूर झाला होता.

गोळ्या किराणा दुकानातून आणते. रुपचंदभाऊ न विचारताच देतो आता.

एक गंमत सांगू? माहेरी गेले की ती दोरी सुटते. पाचोऱ्याच्या स्टॅंडवर उतरले की मान आपोआप सैल होते. अक्षय्य तृतीयेला आखाजीसाठी आठ दिवस असते, झोके खेळते, त्यात एकदाही नाही. पण परत येताना एसटीत ऊन तोंडावर घेत आले की दुसरं, मोठं दुखणं ठरलेलं. मागच्या दोन्ही वर्षी भडगावच्या पुढे उलटी झाली. माय माझ्या पिशवीत लिंबू टाकून देते, वास घ्यायला. लिंबाला नख लावत लावत घरी येते मी.

हे सगळं कशाला लिहिलं कुणास ठाऊक. तुम्ही जेवण वेळेवर करत जा.

दिपमाला


जळगाव,
१६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं! तू इतकं नीट सांगितलंस की तसं आमच्या निम्म्या पेशंटांनाही जमत नाही. रोजची दोरी म्हणजे ताणाची डोकेदुखी, आणि उजव्या बाजूचं ते मायग्रेन. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात.

आता ऐक. उपाशी राहू नकोस. सकाळी चुलीपुढे बसण्याआधी अर्धी भाकरी खा, कुणी काही म्हटलं तर माझं नाव सांग. झोप रोज एकाच वेळेला घे. उन्हात डोक्यावर पदर नाही, जाड रुमाल घे. पाणी पीत राहा. आणि रुपचंदभाऊच्या गोळ्या बंद कर, कारण त्या रोज घेतल्या की त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. इथे ये, मॅडमना दाखवू.

आणि एसटीचं तू लिहिलंस ते फार महत्त्वाचं आहे! ऊन, हलणारी गाडी, धूळ, डिझेलचा वास, जागरण, अवेळी जेवण, शिवाय झोका. सगळी कारणं एका ठिकाणी. मी ते लाल शाईनं अधोरेखित केलं आहे.

तुझी,
ज्योत्स्ना


सोनबर्डी
१६ मार्च

ज्योत्स्नाताईंना,

अर्धी भाकरी खाते. पहिल्या दिवशी अक्का बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच भाकरीवर मिरचीचा ठेचा ठेवला आणि म्हणाल्या, "खाय, नाहीतर जळगाववरून वॉरंट येई." फरक आहे. परवा बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारीचा घाटा शिजवला, पहाटेपासून हंड्यापुढे होते, मग उन्हात पसरायचे, तरी मोठं दुखणं आलं नाही. दरवर्षी बिबड्यांना येतंच. शेजारची ललिता म्हणाली, तुझ्या नणंदेला आमच्याही घरी पत्र टाकायला सांग.

गोळ्या कमी केल्या. पहिले काही दिवस फार वाईट गेले, आता ठीक.

रोजची दोरी मात्र आहे. ती काही भाकरीला ऐकत नाही.

ताई, एक सांगायचं होतं. यंदा आखाजीला मला जायचंच आहे. तुम्ही लाल शाई लावली हे वाचून घरात सगळे हसले, पण मी हसले नाही. डोकं दुखलं तर दुखू द्या. यंदा जायचंच आहे. आणखी काही लिहीत नाही. तुम्ही शहाण्या आहात.

दिपमाला


जळगाव,
६ एप्रिल

प्रिय दादा,

हे पत्र तुझ्यासाठी आहे. फोनवर बोलले असते, पण फोनवर सगळे मधे बोलतात आणि मुद्दा राहून जातो.

वहिनीला किती फरक पडलाय ते तू बघतोसच. गेल्या दोन महिन्यांत तिचं मोठं दुखणं एकदाच आलं. आपण एक-एक कारण काढत गेलो म्हणून हे झालं. आता फक्त एक मोठं कारण उरलंय, आखाजीचा प्रवास. मागची दोन्ही वर्षं ती परत आली ती उलट्या करतच आली, आणि पुढे आठवडाभर तिचं बिनसलेलं होतं हे तुलाही आठवत असेल. यंदा आखाजी एप्रिलच्या शेवटी आहे आणि ऊन आत्ताच असह्य आहे.

म्हणून सांगते, यंदा तिला आखाजीला पाठवू नकोस. एकच वर्ष. पावसाळ्यात, गार वातावरणात जाईल, तेव्हा मी स्वतः तिला सोडायला येईन. ती हट्ट करेल. तिचं पत्र आलंय, त्यात ती हट्टालाच पेटली आहे. पण माणसाला स्वतःचं भलं कळतंच असं नाही. आपल्या घरात आजवर बाईच्या दुखण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तू देतो आहेस याचा मला अभिमान आहे.

तिच्या माहेरच्यांना वाईट वाटलं तर माझ्यावर ढकल.

तुझी बहीण,
ज्योत्स्ना


जळगाव,
१८ मे

प्रिय वहिनी,

दादानं फोनवर सांगितलं की तू गेली नाहीस, आणि आखाजीनंतरच्या आठवड्यात डोकं अजिबात दुखलं नाही. वहिनी, मला इतका आनंद झाला की मी इथे खोलीवर एकटीच शिरा करून खाल्ला! एकदा तरी आपण दुखण्याच्या आधी पोचलो.

तू रागावली असशील. दादाला धाडलेल्या त्या पत्रानंतर तू लिहिलं नाहीस. पण बघ, पुढच्या वर्षी तू स्वतःच मला सांगशील की बरं झालं.

माझ्यासाठी बिबडे ठेवलेत का?

तुझी,
ज्योत्स्ना


सोनबर्डी
९ जून

ज्योत्स्नाताईंना,

डोकं दुखलं नाही हे खरं आहे.

बिबडे डब्यात ठेवले आहेत. याल तेव्हा तळून देईन. तुमचे दादा शेतात आहेत. आबांचा खोकला कमी आहे. अक्का बऱ्या आहेत.

दिपमाला


जळगाव,
१२ ऑगस्ट

वहिनी,

राखीला येऊन परवा परतले तेव्हापासून तुला लिहायला बसते आहे.

त्या सकाळी तू पोळ्या लाटत होतीस आणि मी सहज विचारलं, "तू कधी जाणार किरणभाऊला राखी बांधायला?" तू मान वर केली नाहीस. अक्काच म्हणाली, "कोठे जाई ती? घरले कुलूप शे." मला आधी कळलंच नाही. मग दादानं अंगणात नेऊन सांगितलं. किरणभाऊ आखाजी झाली तशी तुझ्या मायला कायमचे सुरतेला घेऊन गेले, म्हशी विकल्या, घर बंद केलं. दादालाही तेव्हा माहीत नव्हतं म्हणे. मे महिन्यात किरणभाऊंचा फोन आला तेव्हा कळलं. मला कुणी सांगितलं नाही.

तू त्या पोळ्या लाटतच राहिलीस. एकसुद्धा करपली नाही.

मॅडमना सगळं सांगितलं, नाव लपवून विचारावं असंही वाटलं नाही. मला वाटलं त्या म्हणतील, शास्त्राच्या दृष्टीनं तू बरोबर होतीस. त्यांनी विचारलं, "प्रवास टाळ असं मी सांगितलं होतं?" मी नाही म्हटलं. "पेशंटशी बोललीस?" मी म्हटलं, तिच्या नवऱ्याशी बोलले. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "कारणं टाळायची ती माणसाला त्याच्या मनासारखं जगता यावं म्हणून. एसटीत बसण्याआधी घ्यायची गोळी मी लिहून दिली असती. खिडकी सावलीच्या बाजूची घ्यायला सांगितलं असतं. तिला काय सोडायचं नव्हतं, ते तू विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. तू तर न विचारता लिहिलं होतंस. "जायचंच आहे" असं एकाच पत्रात दोनदा लिहिलं होतंस आणि मी त्याला हट्ट म्हटलं. माहेरी दोरी सुटते असंही तू लिहिलं होतंस. मी फक्त एसटीखाली लाल रेघ ओढली. काल ते पत्र काढून पाहिलं. त्याच्या वरच्या ओळींखाली रेघ नाही.

मला सांगितलं का नाहीस वहिनी? मायला नेणार आहेत हे एका ओळीत लिहिलं असतंस तर?

तुझी,
ज्योत्स्ना


सोनबर्डी
७ सप्टेंबर

ज्योत्स्नाताईंना,

का नाही सांगितलं ते सांगते.

मायचाच निरोप होता. फेब्रुवारीत तिनं ललिताच्या फोनवर मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, किरण मला न्यायचं म्हणतो, गुडघे चालत नाहीत, म्हशींना कोण बघेल. पण तुझ्या सासरी आत्ताच बोलू नको. ज्या बाईचं माहेर बंद झालं तिची सासरी किंमत उतरते, आखाजी झाली की मीच तुझ्या सासूला सांगेन. अक्का तशा नाहीत, हे मला माहीत आहे, तिला माहीत नव्हतं. आणि मी तुम्हाला लिहिलं असतं तर कुठे लिहिणार? तुमची पत्रं या घरात मोठ्यानं वाचली जातात आणि माझी तुमचे दादा टाकतात. पाकीट चिकटवण्याआधी बघतात, वाईट हेतूनं नाही, शुद्धलेखन बघतात.

तुमचं ते एप्रिलचं पत्रही ओट्यावरच वाचलं गेलं. मी आत होते. अक्कांनी सुरुवातीला माझीच बाजू घेतली होती, म्हणाल्या, आखाजीले लेक माहेरले जाईच. मग तुमचे दादा म्हणाले, ज्योतीनं लिहिलंय. तेव्हा अक्का म्हणाल्या, "शिकेल पोरनी लिखेल शे, आते काय बोलानं?" सासूनं अडवलं असतं ना ताई, तर मी भांडले असते. आबांपाशी रडले असते. गावानं माझी बाजू घेतली असती. पण माझ्या भल्यासाठी अडवल्यावर कुणाशी भांडू? भांडले असते तर सगळे म्हणाले असते, बघा, डोक्यावर चढली.

मायनं झोका बांधून घेतला होता. मोठ्या निंबाला, नवीन दोर आणून. मी येत नाही कळल्यावर म्हणाली, "बरं, तब्येत सांभाळ." आखाजीच्या तिसऱ्या दिवशी किरणची गाडी आली.

आता ती सुरतेला तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना उतरता येत नाही. दिवाळीनंतर मी भेटून येईन, तुमचे दादा नेणार आहेत. पण ते भेटणं झालं, माहेरपण नाही. किरणची खोली एकच आहे, मी गेले तर त्याला बाहेर झोपावं लागेल.

तुमच्यावर राग होता. जूनमध्ये होता. आता एवढाच राग आहे की तुम्ही चांगल्या आहात, त्यामुळे राग धरताही येत नाही. अर्धी भाकरी अजून खाते. हे पत्र ललिताकडून टाकते आहे.

दिपमाला


जळगाव,
२९ मार्च २०२६

प्रिय वहिनी,

तुझ्या सप्टेंबरच्या पत्राला उत्तर द्यायला मी चार वेळा बसले. प्रत्येक वेळी माफी मागण्याऐवजी मी स्वतःची बाजूच मांडते आहे असं दिसायचं, म्हणून फाडलं.

आता कागद भरताना मी शेवटी एक प्रश्न वाढवलाय. "यातलं काय सोडायला तुम्ही तयार नाही?" लोक चकित होतात. एक आजोबा म्हणाले, मळ्यातलं दुपारचं ऊन. मी तसंच लिहिलं.

पण हे मी तुला सांगते तेव्हा मलाच ऐकू येतं, की तुझ्या आखाजीवर मी शिकले.

यंदा आखाजी १९ एप्रिलला आहे, रविवार. तू म्हणशील तिथे मी सोबत येईन. म्हणणार नसशील तर येणार नाही. सोबत मॅडमनी लिहून दिलेली गोळी आहे, प्रवासात त्रास सुरू होतोय असं वाटताक्षणी घ्यायची. घ्यायची की नाही ते तू ठरव. पाकीट ललिताच्या पत्त्यावर पाठवते आहे.

ज्योत्स्ना


सोनबर्डी
२४ एप्रिल

ज्योत्स्नाताईंना,

तुम्हाला कळवलं नाही, रागवू नका. एकटीलाच जायचं होतं.

तुमच्या दादांना सांगितलं, मी आखाजीला माहेरी जाते. ते म्हणाले, कुणाकडे? मी म्हटलं, घराकडे. ते स्टॅंडवर सोडायला आले. अक्कांनी सांजोऱ्या बांधून दिल्या, जशा मी माणसांच्या घरी चालले होते तशा.

किल्ली शेजारच्या चमेलीबाईंकडे असते. दार उघडलं. आत धूळ आहे, घुशीनं कोपरा पोखरलाय. चूल मायनं जाताना सारवून ठेवली होती, ती तशीच कोरडी. मी पायरी झाडली, पाण्याची घागर भरून ठेवली आणि सांजोरी पायरीवर बसून खाल्ली. गल्लीतल्या पोरींनी मोठ्या निंबाला त्यांचा झोका बांधला होता. त्यांतली कुणी मला ओळखत नाही. तरी एक म्हणाली, "बस ना वो ताई, नंबर लावेल नही कोन्ही." बसले. उंच नेला मी. त्या पोरी घाबरल्या.

खरं सांगते, तेवढ्या वेळात मानेवर काहीच नव्हतं.

मग चमेलीबाईंच्या फोनवरून मायला फोन लावला. कुठून बोलते ते सांगितलं. तिनं पहिलंच विचारलं, "झोका खेळनी का वं?" मी हो म्हटलं. तर लगेच म्हणाली, "मंग डोकं दुखी तुन्हं परत जाताना. जपीसन जाय." तिला सगळं माहीत होतं, ताई. लाल शाईशिवाय. दर वर्षी माहीत होतं, आणि दर वर्षी ती बोलवायची.

संध्याकाळी निघाले. सावलीची बाजू मिळाली नाही, सगळं ऊन तोंडावर होतं. भडगाव गेलं आणि उजवीकडे ठोकायला लागलं, समोरच्या सीटवर काच चमकायला लागली. तुम्ही लिहिलं होतं ते एक-एक खरं. तुमची गोळी कमरेच्या बटव्यात होती, ती घेतली, बऱ्याच वेळानं उतार पडला. मॅडमना सांगा.

पण त्याच्या आधी, मळमळायला लागलं तेव्हा, सवयीनं मी पिशवीत हात घातला. सांजोऱ्यांच्या फडक्याखाली, चमेलीबाईंकडून मागून आणलेल्या घराच्या किल्लीच्या बाजूला, तळाशी, सगळीकडे चाचपलं.

लिंबू नव्हतं.

दिपमाला